जवळेकर सरांच्या बोटीची चाकं

बोट जागची हलली नाही. पाणी मात्र माझ्या चष्म्यापर्यंत आलं.

"मिस्त्री, चाकं तर झकास फिरायलीत. पण ही जायना की ओ," जवळेकर सर हौदाच्या कडेला वाकून म्हणाले.

तेवढ्यात एक फवारा बोटीतच पडला. बॉयलरखालचा स्पिरिटचा दिवा चुर्र करून विझला आणि चाकं थांबली. आमची पहिली ट्रायल तिथेच संपली.

मानवतला माझं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. विहिरीवरचे, बोअरचे, सगळे पंप करतो. मागच्या खोलीत राहतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. पावसाळ्यात पंपवाल्याला कुणी विचारत नाही. कधी कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही, मग मी रेडिओवाल्या बाईला उत्तरं देतो. अशा श्रावणात सर पिशवीत बोट घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

सर इथल्याच शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. तीस वर्षं फळ्यावर वाफेचं इंजिन काढलं, पण वाफेवर चालणारी एकही बोट डोळ्यांनी पाहिली नव्हती. बाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माघारी त्यांनी एकट्यानं अडीच फुटांची पत्र्याची बोट केली. तांब्याचा छोटा बॉयलर आणि पितळी सिलिंडर बसवला. चाकांपाशी मात्र गाडी अडली. हात थरथरायला लागले होते.

"पुढच्या रविवारी लेक न्यायला यायलीय, बंगळूरला. कायमचं," सर म्हणाले होते. "त्याच्या आत एकदा चालताना बघायचीय. बस, एकदाच."

या बोटीला दोन्ही बाजूंना एकेक चाक असतं. चाकाला पाती असतात. इंजिन चाक फिरवतं, पाती पाणी मागं ढकलतात आणि बोट पुढं जाते. वल्ह्याचंच काम, फक्त वल्ही गोल बसवलेली. ऐकायला सोपं आहे.

पण मी पडलो पंपवाला. पंपाच्या पोटात इम्पेलर नावाचा पंखा असतो. त्याची पाती वाकडी असतात, ती पाणी बाहेर फेकतात. चाळीस वर्षं मी तेच हाताळलंय. सरांच्या चाकांना पितळी पाती कापली, तेव्हा हातानं न विचारता ती वाकवली. दिसायला फार देखणी झाली. माझ्या पात्यांनी विहिरीतलं पाणी वर काढण्याचं काम चोख केलं. विहीर तेवढी नव्हती.

दुसरा दोष शाफ्टचा, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्याचा. सरांनी त्याची भोकं फार खाली पाडली होती. चाक अर्धं बुडत होतं. इतकं बुडालं की पातं आत शिरताना पाणी खाली दाबतं आणि बाहेर निघताना वर उचलतं. इंजिनाचा सगळा जीव त्यातच जातो. पाती सरळ हवीत आणि शाफ्ट इंचभर वर हवा, म्हणजे फक्त तळाचं पातं बुडेल.

हे सगळं मला त्याच संध्याकाळी, चष्मा पुसता पुसता कळलं. दोन-तीन तासांचं काम होतं.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. मी ते काम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सर आले. मी चहा टाकला. म्हणालो, "सर, बॉयलरच कमी पडत असंल. बघू." तिसऱ्या दिवशी चाकाच्या वजनाचं खुसपट काढलं. चौथ्या दिवशी पंपांची गर्दी आहे म्हणून सांगितलं. वर्कशॉपमध्ये तेव्हा विहिरीतल्या पाइपच्या तळाला बसवतात तसा एक गंजका फूटव्हॉल्व्ह होता आणि एक मांजर. सर दोघांकडे बघून "बरं, बरं" म्हणाले आणि स्टुलावर बसले. मग त्यांनी हवेच्या दाबापासून बाईंच्या हातच्या धपाट्यांपर्यंत सगळं सांगितलं. मी ऐकत होतो. चार वाजायच्या आधीच माझं लक्ष रस्त्याकडे लागायचं. चाकं झाली की सर येणार कशाला? म्हणून मी वेड पांघरून पेडगावला गेलो होतो.

बुधवारी सर आले ते बसलेच नाहीत.

"मिस्त्री, लेकीचा फोन आलता. रविवार न्हाई, शुक्रवारीच यायलीय. राहू द्या आता बोट."

"राहू द्या म्हंजे?"

"जमलं तेवढं जमलं. तुमी लय केलंत."

ते गेले. त्यांचा चहा गॅसवर तसाच उकळत राहिला. मला माझाच राग आला. माझ्या चार कप चहापायी त्यांची तीस वर्षांची गोष्ट मी अडकवून ठेवली होती.

लगेच कामाला बसलो. जुनी पाती काढली. आठ-आठ सरळ पाती कापून सोल्डर मारलं. शाफ्ट ज्यात फिरतो ती बुशं इंचभर वर घेतली, जुनी भोकं बुजवली. बॉयलर भरून बोट हौदात ठेवली, कारण पाण्याच्या वजनानं ती आणखी खाली बसते. बरोबर एक पातं बुडत होतं. दिवा मात्र पेटवला नाही. पहिल्यांदा सरांनीच बघायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी सरांना रिक्षात घालून दत्ताच्या शेततळ्यावर नेलं. दत्ता माझं जुनं गिऱ्हाईक.

"कागद फाटला न्हाई म्हंजे झालं," तो तळ्याच्या प्लास्टिककडे बघत म्हणाला आणि कापसाच्या पऱ्हाटीत निघून गेला.

सर या काठाला, मी पलीकडच्या. दिवा पेटला. वाफ धरायला दहा मिनिटं लागली. मग सरांनी बोट सोडली.

पाणी उडालं नाही. टप टप टप असा बारीक आवाज तळ्यावरून यायला लागला. बोट सरळ माझ्याकडे येत होती, मागे दोन पांढऱ्या रेघा सोडत. मी ती धरली, वळवून परत सोडली. सरांनी धरली, परत सोडली. पाच फेऱ्या झाल्या. सर रडत होते की हसत होते, तेवढ्या लांबून कळत नव्हतं.

दिवा विझल्यावर ते पलीकडून ओरडले, "मिस्त्री! तुमाला पैल्याच दिवशी कळलं व्हतं ना?"

मी मान खाली घातली. "व्हय सर!"

"मला बी!"

"मग बोलला का न्हाईत?"

"घरी काय हाय ओ माझ्या?"

विज्ञानाच्या मास्तरला सरळ पातं आणि वाकडं पातं कळणार नाही, असं मी कसं समजलो कोण जाणे. दोघंही पेडगावलाच मुक्कामाला होतो.

शुक्रवारी सर गेले. बोट माझ्याकडे ठेवून गेले. बंगळूरला घर नवव्या मजल्यावर आहे, पाणी बादलीत.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. "चालायलीय का?"

"चालायलीय की," मी म्हणतो.

खरं म्हणजे नंतर एकदाच नेली. दत्ता बाजारला गेला होता. मी बोट सोडली आणि तळ्याला वळसा घालून पळत निघालो. साठी उलटलेल्या माणसाचं पळणं ते. पोचलो तेव्हा ती केव्हाच काठाला लागली होती. नाक प्लास्टिकला टेकवून उभी, आणि दोन्ही चाकं फिरत होती.

चाकं मी चांगली केली, यात वाद नाही. बोट सोडायला एक माणूस पुरतो. पलीकडं धरायला दुसरा लागतो. हे काम कुणी हातात घेतलं, तर पाती कापायच्या आधी तेवढं बघून घ्यावं.