भरिताचा धूर आणि अक्कांचा पोपट

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत की पुढच्या महिन्यात तुमच्याकडेही पोपट येणार आहे, आणि आजीचा पोपट आजीच्या हातावर कसा यायला लागला ते तुम्हाला ऐकायचं आहे. मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. त्यात माझी एक मोठी चूक आहे आणि ती तुम्ही करू नये असं मला वाटतं. म्हणून लिहून पाठवते.

पोपट मूळचा धुळ्याच्या अक्कांचा. अक्का म्हणजे तुमच्या आबांच्या थोरल्या बहीण. संक्रांतीनंतर धुळ्याचं घर बंद करून त्या मुलाकडे नाशिकला राहायला जाणार होत्या. तिथे त्यांच्या नातीला दम्याचा त्रास, आणि या जातीच्या पोपटाच्या पिसांतून पिठासारखी भुकटी उडते. तेव्हा पोपट नाशिकला जाणार नव्हता. एरंडोलला अक्कांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मोठ्या जाळीत साठेक पक्षी आहेत. ते घ्यायला तयार होते. मी म्हटलं, मला द्या. अक्कांनी माझ्याकडे जरा संशयानंच बघितलं. त्यांच्या मते मी माणसांनासुद्धा रांगेत उभं करणारी. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर मी त्याला घेऊन जायचं. संक्रांतीला अक्का जळगावला येतील, बघतील. तो रुळला असेल तर आमचा, नाहीतर एरंडोलला.

धुळ्याहून मी एसटीनं निघाले. पिंजरा मांडीवर, वरून अक्कांच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी ते पातळ खालपर्यंत ओढून घेतलं. ते गृहस्थ काही स्टँडवर येऊन उभे नव्हते, पण घेतलं खरं.

तुम्ही त्याला पाहिलंच आहे. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर शेंदरी टिकल्या. आपल्या गल्लीत त्याला पोपट मानायलाच कुणी तयार नव्हतं. हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे आणि हा परदेशी जातीचा आहे, हे मी दारोदार सांगितलं, तरी पहिल्या आठवड्यात शेजारपाजारून वाटीभर हिरव्या मिरच्या आल्या. त्यानं एकीलाही चोच लावली नाही. मिरची खात नाही तो खान्देशातला कसला, असं म्हणून समोरच्या बाईंनी उरलेल्या मिरच्या परत नेल्या आणि ठेचा करून पाठवला.

मी इंग्रजीतलं बरंच काही वाचून काढलं आणि वेळापत्रक केलं. पहिला आठवडा, नुसतं जवळ बसणे. दुसरा आठवडा, जवळ बसून बोलणे. तिसरा, बोटांत बाजरीचं कणीस धरणे. चौथा, हात पिंजऱ्याच्या आत. तो कागद मागच्या पडवीतल्या कपाटाच्या दाराला चिकटवला. पिंजराही तिथेच टांगला होता. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता मी खुर्ची घेऊन ताठ बसायचे आणि त्याच्याकडे बघायचे. तो तुरा उभारून मागच्या कोपऱ्यात सरकायचा. आबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तीस वर्षं शाळेत पोरांना नजरेनं गप्प बसवलंस. हा गप्पच बसणार." मग वाचलेलं पुन्हा चाळलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पक्ष्याकडे रोखून बघू नये. शिकारी तसं बघतो. मी नजर खाली वळवली, आणि दोनच दिवसांत तो पुढच्या दांडीवर आला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं माझ्या बोटांतल्या कणसातून दाणा घेतला. मी वेळापत्रकावर बरोबरची खूण केली.

मग चंपाषष्ठी आली.

त्या दिवशी आपल्याकडे भरिताला माणसं असतात, हे तुम्हाला माहीत आहे. भरिताची वांगी गॅसवर भाजणं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावरच ती भाजायची, आणि आपल्या घरी ती जागा म्हणजे मागचं अंगण, पडवीला लागून. इतकी वर्षं तिथेच भाजतो, म्हणून त्याही दिवशी काड्या तिथेच रचायला मीच सांगितलं. पंधरा माणसांचं जेवण, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळ्याची यादी माझ्या हातात होती. त्या यादीत पोपट नव्हता.

वारा पडवीकडे होता. मी स्वयंपाकघरात होते आणि पिंजरा आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर पडवी धुरानं भरलेली आणि तो पिंजऱ्यात या गजावरून त्या गजावर स्वतःला फेकत होता. आबांनी पिंजरा उचलून पुढच्या खोलीत नेला. पंखाचं एक पीस मोडून रक्त आलं होतं आणि तो चोच उघडी टाकून श्वास घेत होता. पाहुणे पानावर, आणि मी पिंजरा घेऊन रिक्षात. जनावरांचे डॉक्टर एरवी म्हशी बघणारे. त्यांनी शांतपणे रक्त थांबवलं आणि सांगितलं की पक्ष्याची छाती नाजूक असते, धूर त्याला सोसत नाही, वाचला हे नशीब. मला त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत.

आठवड्यात तो बरा झाला, पण माझा हात दिसला की फुत्कारायचा. मी कणीस धरलं की पाठ फिरवायचा. आबांच्या हातून मात्र खायचा, कारण धुरातून त्याला आबांनी काढलं होतं. संक्रांतीला तीन आठवडे उरले होते. रात्री जेवताना मी म्हटलं की अक्कांना फोन करून खरं काय ते सांगते. आबा म्हणाले की सांग, पण आधी ते घड्याळ बघणं सोड.

वेळापत्रक मी फाडलं नाही, नुसतं पाळणं सोडलं. पिंजरा आता पुढच्या खोलीत होता. दुपारी मी त्याचं दार उघडून ठेवायचे आणि त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसायचे. त्याच्याशी काही बोलायचेही नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी कागदावर टकटक ऐकू आलं. तो चालत आला होता. माझ्याकडे न बघता त्यानं एक काडी ओढली, पानं खाल्ली, देठ माझ्या बाजूला टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एकदा काडीपर्यंत पोचायला माझं मनगट आडवं आलं, तर तो सरळ त्यावर चढला. मी श्वास रोखून बसले. त्या आठवड्यात आम्ही पाच वेळा मेथीची भाजी खाल्ली आणि आबांनी तक्रार केली नाही.

संक्रांतीला अक्का आल्या. फोन काही माझ्याकडून झाला नव्हता, म्हणून धुराचं मी दारातच सांगून टाकलं. त्या सरळ पिंजऱ्याकडे गेल्या. पिंजऱ्याचं दार उघडताच तो त्यांच्या खांद्यावर गेला आणि त्यांच्या चष्म्याची दोरी चावायला लागला, जणू कालच निरोप घेतला होता. अक्कांचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. तिळगूळ पुढे ठेवून मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर त्याची शीळ ऐकू आली. एक, मग दोन, मग लांबलचक. मग आवाज थांबला आणि फरशीवर नखांचं टिकटिक सुरू झालं. तो अक्कांच्या खांद्यावरून उतरून, सगळी खोली पायी ओलांडून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा होता आणि मान वाकडी करून आत बघत होता. मी हात खाली केला. तो मनगटावर आला.

अक्का त्याच्या मागून आल्या होत्या.

"मी बसलेली असताना तुला शोधत आला," त्या म्हणाल्या. "आते हाऊ तुनाच शे."

आता हा तुझाच आहे, असं. माझ्याशी त्या नेहमी शुद्ध बोलतात. आपली अहिराणी त्या फक्त घरच्या माणसाशी बोलतात, आणि इतक्या वर्षांत माझ्याशी अहिराणीत बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

आता भरीत शेजारच्यांच्या शेतावर भाजतात आणि डब्यात घरी येतं. अक्का दर रविवारी नाशिकहून फोन करतात, आधी त्याची चौकशी, मग आमची. पडवीतल्या कपाटाचं दार त्यानं यंदा शोधून काढलं आणि वेळापत्रकाचा कागद खालून वर कुरतडत नेला. पहिली ओळ तेवढी शिल्लक आहे: पहिला आठवडा, नुसतं जवळ बसणे.