थोरल्याच्या नावावरची बाग

कृष्णात मोहित्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९७० च्या मे महिन्यात. शाळेला सुट्टी होती. मी ओढ्याच्या वाटेने घरी येत होतो, आणि फौजेतून रजेवर आलेला हा माणूस काठावर उभा राहून समोरच्या बागेतले नारळाचे माड बोटाने मोजत होता.

"गुरुजी, एकवीस हायती का बावीस? दर बारीला येगळंच भरतंय."

"वाऱ्यानं हलतात, म्हणून चुकत असशील."

"मग वारं पडल्यावर येतो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच पहाटेचा येऊन मोजून गेला. बावीस होते.

बाग रामगोंडा पाटलांची. ते सांगलीला हळदीच्या व्यापारात असत आणि महिन्यातून एकदा गावी येत. नारळांखेरीज पाच रायवळ आंबे होते, पेरू होते, आणि कोकणातून आणून लावलेली दोन काजूची झाडं होती. त्यांचं आमच्या गावाला फार नवल. "हवालदार, एकदा घेऊनच टाका बाग," पाटील थट्टेने म्हणत. "तुमच्या मोजण्यानं दृष्ट लागंल माझ्या झाडांना."

कृष्णातला ती हवी होती बायकोसाठी, चंद्राबाईसाठी. लग्न झाल्यापासून अठरा वर्षं ती मोठ्या दिरा-जावेच्या घरात राहिली होती. छळ कुणीच केला नाही. पण चूल जावेची, भांडी जावेची, आणि पाव्हणा आला तरी चहाला विचारावं लागे. नवरा वर्षातून दोन महिने घरी. "पेन्शनीवर आलो की तुला तुझं घर बांधतो," असं त्याने तिला कबूल केलं होतं.

१९७४ साली तो पेन्शनीवर आला. तोवर पाटलांनाही बाग सांगलीहून बघणं जड जात होतं. व्यवहार ठरला आणि आम्ही सगळे खरेदीखतासाठी इस्लामपूरला गेलो. मी साक्षीदार होतो. कारकुनाने विचारलं, "घेणार कोण?" कृष्णातने शेजारी बसलेल्या थोरल्या भावाला, दादासोला, हाताने पुढं केलं.

पाटील चमकले. "हवालदार, कमाई तुमची, बाग तुमच्या मंडळींसाठी. नाव दुसऱ्याचं कशाला?"

"दुसऱ्याचं कुठं? दादाचं हाय. थोरला बसला असताना धाकट्याच्या नावावर जमीन घ्याची व्हय? आमच्यात तसलं करत न्हाईत, पाटील."

दादासोही नको नको म्हणत होता. तो भला माणूस होता. शेवटी त्याने डोळे पुसत अंगठा उठवला. मी माझी सही केली. कागदावर ज्याचं नाव त्याची जमीन, आणि पुढं त्याच्या वारसांची, हे मला ठाऊक होतं. पण दोन भावांचं ते प्रेम बघून माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

पावसाळ्याआधी बागेत दोन खोल्या उभ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा चंद्राबाईने समोर चहा ठेवला आणि पदराआड हसून म्हणाली, "गुरुजी, आज कुणाला इचारलं न्हाई."

"मला तरी इचारायचंस," कृष्णात म्हणाला. "गूळ लय घातलाईस."

"तुमी रजेवरचं पाव्हणं. तुमाला कोण इचारतंय?"

असं बोलणारी चंद्राबाई गावाने पाहिलीच नव्हती. काजूच्या बिया भाजायला ती कुणाकडून तरी शिकली होती. त्यांच्या चिकाने तिचे हात काळे पडत, आणि ते हात ती सगळ्यांना कौतुकाने दाखवी.

तीन वर्षं अशी गेली. मग दादासो अचानक वारला. सातबाऱ्यावर त्याच्या दोन मुलांची नावं लागली. त्याच वर्षी नदीचं पाणी पाइपाने ओढ्यापर्यंत आलं आणि जो तो ऊस लावू लागला. मुलं बागेत आली, चुलत्याच्या पाया पडली.

"काका, झाडं काढून ऊस घालावा म्हणतोय. तुमी दोघं घरी चला. म्हातारपणी रानात कशाला ऱ्हाताय?"

चंद्राबाई दारात उभी होती. "सांगा की तेंनला," ती नवऱ्याला म्हणाली. तो पोरांना ओढ्यापर्यंत पोचवायला उठला.

मी त्याला परोपरीने सांगितलं. म्हणालो, "मी साक्षीदार आहे. पैसा कुणाचा होता ते कोर्टात शपथेवर सांगतो."

"दादाच्या पोरांवर कोरटात उभा ऱ्हाऊ? गुरुजी, बाप गेल्यावर दादानं मला वाढवलंय."

"आणि चंद्राबाईचं काय?"

"तिचं चुकलंच माझ्याकडनं," तो म्हणाला. "पर आता ते फेडायला पोरांचं घर मोडू व्हय?"

माड तोडले त्या दिवशी तो उंब्रजला पाव्हण्यांकडे निघून गेला. चंद्राबाई मात्र बागेतच बसून राहिली. शेवटचं झाड पडल्यावर तिने भांडी पाटीत भरली आणि ती डोक्यावर घेऊन जुन्या घरी गेली. नवऱ्याला तिने कधी बोल लावला नाही. त्याच्याशी फारसं बोललीही नाही. दीड वर्षाने, थंडीत, चार दिवसांच्या तापात ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर कृष्णातने गाव सोडलं. तो आता साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदार आहे. कारखान्याने त्याला राहायला एक खोली दिली आहे, आणि तिथे तो एकटा राहतो.