चुन्याचा आळ, राखेची शीग

जिल्हा नवा झाला आणि त्याच साली पावसानं दडी मारली. मी नांदेडहून देवणीकडच्या एका दुष्काळी कामावर देखरेखीला गेलो. तिथली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकत नाही. म्हणून वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख आणि चुना त्या मातीत कालवून रस्त्याचा एक तुकडा करून बघायचा होता. चार टोपली राख, एक टोपलं चुना, मग पाणी आणि वरून रोलर.

राखेवर गावाचा विश्वास नव्हता. "मसणातली तर न्हाई ना, सायब?" कामावरच्या बाया विचारायच्या. माझा विश्वास तर कुणावरच नव्हता.

चुन्याची पोती टोळीच्या मुकादमाकडे होती. त्यांना सगळे चाचा म्हणत. जन्म चुन्याच्या भट्टीवर गेलेला माणूस. "चुना हात भाजतो, बाई, जपून," एवढंच दिवसभर सांगायचे.

आठ दिवसांनी मी तुकड्यावर टाच दाबली. ती रुतली. बघायला जमलेल्यांतली एक बाई म्हणाली, "चाचानं चुना लावला म्हना की सायबाला!" सगळ्या हसल्या. चाचाही हसले. "हाव, रोजच लावून राहिलो की!"

ती थट्टा होती. मला ती कबुली वाटली. पोती मी एकदाही मोजली नव्हती, तरी वर लिहून कळवलं, की चुना चोरीला जात असावा आणि संशय मुकादमावर आहे. दोन दिवसांत चाचांना कामावरून काढलं. भट्ट्या पाण्यावाचून बंद होत्या, दुसरं काम कुठंच नव्हतं.

"माझं काय चुकलं, साहेब?"

"चौकशी होईल," मी म्हणालो. ती कधीच झाली नाही.

दुसरा तुकडा सुरू झाला तेव्हा मी बायांच्या डोक्यावरच उभा राहिलो. आता संशय त्यांच्यावर होता. त्या राखेचं प्रत्येक टोपलं ज्वारी मापावी तसं भरत होत्या, काठाच्या वर निमुळती शीग लावून. चुन्याचं टोपलं मात्र हात भाजतात म्हणून काठाच्या खालीच.

"शीग कशाला लावता?"

"आता गं बया! बिनशिगेचं माप कुनी टाकतं का, सायब?"

पहिल्या वेळी राखेचा ढीग अंदाजाआधीच का संपला आणि तुकडा मऊ का राहिला, ते तेव्हा मला कळलं. टोपली किती ते मी सांगितलं होतं. कशी भरायची ते सांगितलं नव्हतं.

मी एक लाकडी पट्टी आणली आणि दोन्ही टोपली काठासरशी सपाट करायला लावली. तुकडा दगडासारखा झाला. "चाचा गेला आन् चुना पुरला," गाव म्हणालं. साहेबलोकही तेच म्हणाले. माझ्या पट्टीनं चाचांना पक्कं चोर ठरवलं, आणि मी गप्प राहिलो.

पुढं एकदा चाचा आले. तुकड्यावर टाच दाबली. ती रुतली नाही. मग ढिगाशेजारची पट्टी उचलून त्यांनी तिच्यावरची राख बोटानं पुसली. त्यांना सगळं कळलं असावं.

"ही पट्टी कधीपासून, साहेब?"

भोवती बाया होत्या, वरचे साहेबही होते.

"पहिल्यापासूनच," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी होती तिथं ठेवली आणि तुकड्यावर पाय न देता कडेच्या भेगाळलेल्या मातीतून निघून गेले.