उबेनं फुगलेला तारा

अर्धा बोगदा चालून झाला तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणाले, "वहिनी, पाय दुखले तर सांगा. बसायला मात्र इथे काही नाही."

"तुम्ही तीस वर्षं चालताय. मला एक दिवस काय जड आहे?"

डोंगरावर दोन दुर्बिणी आहेत, एकमेकींपासून तीनशे पावलांवर. एकाच ताऱ्याचा उजेड दोघी घेतात आणि या बोगद्यातून मधल्या खोलीत धाडतात. दोन्ही उजेड अगदी एका वेळी पोचावेत म्हणून रुळांवर आरशांची गाडी मागेपुढे सरकते. मग उजेडात उजेड मिसळून काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि त्यांवरून तारा केवढा रुंद ते कळतं. एकट्या दुर्बिणीला तो नुसता ठिपका. रूळ पुसायचे, गाडीला तेल द्यायचं, हे भाऊजींचं काम. आमचे हे त्यांना बोगद्यातला उंदीर म्हणतात.

सकाळची वेळ होती. तरी मला उगीच वाटत होतं, रात्रीचा थोडा उजेड इथेच मागे राहिलाय आणि आपण त्यातून चालतोय. आवाज आपोआप खाली गेला, देवासमोर जातो तसा.

"काम चालू असताना इथे कुणाला सोडत नाहीत," भाऊजी म्हणाले. "अंगाच्या उबेनं हवा थरथरते, पट्टे पुसट होतात. मग तारा आहे त्याहून रुंद वाटतो."

जरा पुढे जाऊन ते थांबले.

"मंगळवारी रात्री, काम चालू असतानाच मी आलो होतो. गाडी कुरकुरत होती. चाक पाहिलं, ठीक होतं. मग निघायचं सोडून भिंतीला टेकलो. इतकी वर्षं त्या उजेडाची वाट झाडतोय, एकदा त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. डोळा कधी लागला कळलंच नाही."

"झोपलात?"

"दोन तास. घोरलोही असेन."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"साहेबलोक खूश आहेत, वहिनी. तारा फुगला म्हणतात. उद्या तसं छापायला पाठवणार. तारा कसला फुगतोय? मी होतो इथे."

"सांगितलंत तर?"

"बोगदा जाईल माझा. फाटकावर बसवतील."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. काय मागावं ते सुचेना. भाऊजींनी खिशातून कोरा कागद आणि पेन काढलं.

"साहेबांसमोर माझी बोबडी वळते. तुमचं अक्षर स्वच्छ आहे, आत्ताच लिहून द्या. चाकाचं लिहू नका, ते निमित्त झालं. झोपलो, एवढंच लिहा."