चार नंबरची चड्डी

लाँड्रीवाल्या वहिनींनी आयुष्यात एकही फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. सामने शनिवारी दुपारी, आणि शनिवार दुपार म्हणजे लाँड्रीत गिऱ्हाइकांची नुसती रीघ. नवरा बसचालक, गळा हॉर्नसारखा, तो घसा बसेपर्यंत ओरडून संध्याकाळी घरी यायचा. धाकटा दीर तर चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्षच. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळं गावच म्हणायला लागलं.

सामना पाहिला नसला, तरी एकोणीस वर्षं क्लबचे कपडे त्यांच्याच हातून धुऊन निघत होते. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी इस्त्री हातात दिली आणि सांगितलं, "कपडा बोलतो गं, ऐकायला शीक." वहिनी शिकल्या. कोण सिगारेट सोडली म्हणून थापा मारतो, कोणाच्या घरात बाळ आलंय, कोण जेवण उभ्यानं उरकतो, हे त्यांना गाठोडं सोडल्यासोडल्या कळायचं. पण बोलायची सवय नव्हती. डाग काढायचा, घडी घालायची, गप्प बसायचं.

क्लबचं काम मिळालं त्याच वर्षी एक सतरा वर्षांचा पोरगा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. "काकू, जर्सीला रक्त लागलंय. सॉरी. माझंच आहे." वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याचं असतं तर सॉरी म्हणायचं." तोच पुढे मोठा बचावपटू झाला. चार नंबरची जर्सी. समोरचा कितीही जोरात आला तरी हलायचा नाही, म्हणून लोक त्याला खांब म्हणायला लागले.

आता खांब छत्तीस वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो परत आला, आणि त्याच्या मागोमाग पराभवही आले. पाच सामन्यांत चार हार. संघ खालच्या गटात घसरायच्या बेतात होता. तेवढ्यात शेजारच्या शहरातल्या क्लबचा निरोप आला: खांब आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात विशीतले दोन आघाडीचे खेळाडू घ्या. कमिटीनं जबाबदारी झटकली आणि रविवारी सकाळी दहा वाजता सभासदांची सभा बोलावली.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. लाँड्रीच्या काउंटरवर कोपर टेकवून लोक भांडायचे. कोणी म्हणायचं, दोन तरणे बैल मिळतायत, म्हातारा कशाला पोसायचा? कोणी म्हणायचं, घरचा माणूस असा देऊन टाकतात का? खुद्द खांबाला विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "सभासद ठरवतील ते."

घरात नवरा अदलाबदलीच्या बाजूनं होता.

"माझं काळीज काय दगडाचं आहे?" तो ताटावर बसून म्हणाला. "पण संपलाय गं तो. पळतच नाही."

"पळतो," वहिनी म्हणाल्या.

"तू पाहिलंस?"

"धुतलं."

नवऱ्याला हसू आलं. ते हसणं वहिनींच्या जिव्हारी लागलं. वर्षानुवर्षं या घरात फुटबॉलवर तावातावानं बोलणं व्हायचं आणि त्यांनी तोंड उघडलं की 'मीठ वाढू का' विचारल्यासारखं सगळे मान हलवून पुढे बोलायचे. त्यांनी कपाटातून सभासदत्वाचं कार्ड काढलं. क्लबचं काम दहा वर्षं केलं की ते आपोआप मिळायचं. आजवर ते एकदाही वापरलं नव्हतं.

रविवारी सकाळी आदल्या दिवशीच्या सामन्याचं गाठोडं दुकानात आलं. वहिनींनी ते मशीनमध्ये टाकलं नाही. काखोटीला मारून थेट क्लबच्या हॉलमध्ये गेल्या.

हॉल खचाखच भरला होता. सभा चालवायला कमिटीनं दिरालाच टेबलाशी उभं केलं होतं, शाळामास्तर बोलत होते. मास्तर अदलाबदलीवाल्यांचे पुढारी, गेल्या पाच सामन्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ. त्यांचं बोलून झालं आणि मागच्या रांगेतून वहिनींचा हात वर आला.

दीर गोंधळला. "वहिनी, किल्ली वगैरे हवीय का?"

"बोलायचंय."

त्या पुढे गेल्या. गाठोडं सोडायला हात सवयीचे होते. त्यांनी एकेक चड्डी टेबलावर पसरली. वास सुटला तशी पहिली रांग मागे सरकली.

"ही आपल्या तरण्या पोरांची. बघा, लग्नाला जाऊन आल्यासारखी. आणि ही चार नंबर."

चार नंबरच्या चड्डीवर डाव्या बाजूला कमरेपासून खालच्या शिवणीपर्यंत गवताचा हिरवा-काळा पट्टा ओढलेला होता.

"ऑपरेशननंतर परत खेळायला लागला तेव्हा आठ महिने ही चड्डी कोरी यायची," वहिनी म्हणाल्या. "तो अंग टाकतच नव्हता. भीत होता गुडघ्याला. गेल्या पाच सामन्यांत हा पट्टा परत आलाय. दर वेळी आधीपेक्षा लांब. कालचा तर दहा वर्षांपूर्वी यायचा तसा आहे. घासून घासून माझी बोटं सोलवटली, मला नाही कळणार?"

मास्तर उठले. "वहिनी, राग मानू नका. माणूस थकला की पडतो. पडला की माखतो. यात काय मोठं?"

"मास्तर, पडलेल्याचा डाग गोल असतो. गुडघ्यावर, नाहीतर बसायच्या जागी. घसरलेल्याचा लांब असतो. हा माणूस पडलेला नाही, यानं स्वतःला झोकून दिलंय."

वहिनींनी जर्सी उचलली आणि उलटी धरली. पाठीवरची शिवण उसवून लोंबत होती.

"ही मी या महिन्यात तीनदा शिवली. घरात रोज ऐकते मी, कॉर्नरला हा पुढे जातो. तेव्हा समोरचे मागून धरतात. बाकी कुणाच्या जर्सीला हात लावत नाहीत. संपलेल्या माणसाला कोण कशाला धरून ठेवेल? आणि ज्यांनी धरलं, त्यांच्यातल्याच शेजारच्या क्लबाला आता तो हवाय."

तिसऱ्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "च्यायला, खरंच की." मग एकदम दहा जण बोलायला लागले. कोणाला आठवलं, की चारही हारींत गोल उजव्या बाजूनं झाले होते, खांबाच्या डाव्या बाजूनं एकही नाही. मास्तरांनी आपला कागद काढून पाहिला. ते प्रामाणिक गृहस्थ होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे मी मोजलंच नव्हतं."

हात वर झाले. अदलाबदलीच्या बाजूनं एकसष्ट, विरुद्ध एकशे अठरा. विरुद्धच्या हातांत एक हात मास्तरांचा होता आणि एक, जरा उशिरानं वर झालेला, बसचालकाचा.

खांब राहिला. प्रशिक्षकानं उजव्या बाजूचा खेळाडू बदलला आणि संघ सावरला. शेवटच्या सामन्याच्या दिवशी वरच्या गटात टिकायला फक्त बरोबरी हवी होती. त्या शनिवारी वहिनींनी दुकानाला कुलूप लावलं आणि पहिल्यांदाच मैदानात गेल्या.

पहिला अर्धा तास त्यांना काहीच समजलं नाही. चेंडू कुठे आहे हेच दिसेना. मग त्यांनी चेंडू शोधायचं सोडलं आणि चार नंबर बघायला सुरुवात केली. नव्वदावं मिनिट लागलं, दोन्ही बाजूंना शून्य. समोरचा एक पोरगा सगळ्यांना चकवून गोलकडे सुटला. गोलरक्षक पुढे आलेला, मागे जाळं उघडं.

"डावीकडून जाईल आता," वहिनी म्हणाल्या.

खांब डावीकडून गेला. अंग झोकलं, कमरेवर घसरत आला आणि चेंडू रेषेवरून बाहेर मारला. शिट्टी वाजली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. खांब चिखलानं माखलेला तसाच उठला, त्यानं प्रेक्षकांत कोणाला तरी शोधलं आणि डाव्या हातानं कमरेवरचा डाग थोपटून दाखवला. वहिनी ओरडत होत्या. काय ओरडत होत्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण बसचालकाचा हॉर्न त्या आवाजापुढे फिका पडला होता.

मग शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे पुसत, नवऱ्यानं सांगितलं, "ही माझी बायको. विचारा तिला काय ते. तिला कळतं सगळं."