शिवणीची नाव, कूलरची हवा

नाव उलटी ठेवलेली होती. मी वाकून तिच्या पोटात डोकं घातलं आणि वर बघितलं, तर पट्ट्यांमधून बाहेरचा उजेड दिसला. एका जागी नाही, चांगल्या पाच-सहा जागी. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं, हे कळायला आयटीआयमध्ये जन्मभर सुतारकाम शिकवावं लागत नाही. मी शिकवलं होतं, म्हणून राग जरा जास्त आला.

बाहेर इरफान उभा होता. रिटायर झाल्यावर आर्वीत मी फर्निचरचं वर्कशॉप काढलं, तेव्हापासून तो माझा कारागीर. कामात पक्का आणि बोलण्यात त्याहून पक्का.

"सर, मी पहिलेच बोललो होतो. सागवान घ्या म्हणून."

आमच्या भागात कशाचंही उत्तर सागवानच असतं. दाराला सागवान, पलंगाला सागवान, देवघराला सागवान. दुसरं लाकूड सुचवणाऱ्या सुताराकडे लोक संशयाने बघतात. पण ही नाव हलकी व्हायला हवी होती. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

नाव हवी होती वैशालीला. ती आर्वीतल्याच एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिचे वडील किसनाजी आयुष्यभर धरणावर मासे धरत आले, ते आपल्या थोरल्या भावाबरोबर, एकाच जड डोंग्यातून. गेल्या वर्षी भाऊ गेला. तो डोंगा पाण्यातून काठावर ओढायला दोन माणसं लागतात. तेव्हापासून किसनाजी घरी बाजेवर बसून होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. ती सुरू झाली की मच्छीमार सोसायटीतली आपली जागा पुतण्याला देऊन टाकतो, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

"मग सोबत दुसरा माणूस घ्या म्हणा," मी वैशालीला म्हटलं होतं.

"नाई घेत, सर. मोठ्या बाबाच्या जागी कोणी नाई पाह्यजे त्यायले. पण घरी बसला तं माहा बाप खचते. मी रोज पाहून राह्यली." मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशातली नाव, पातळ पातळ पट्ट्यांची. एक माणूस तिला खांद्यावर घेऊन चालला होता. "असं आपल्याकडं होते काय?"

"काऊन नाई होत?" मी म्हणून बसलो. विचार नंतर केला.

फोटोतली नाव सीडरची. ते लाकूड बाहेरून मागवायचं म्हणजे सोन्याच्या भावाचं. त्याचा चुलतभाऊ देवदार नागपूरच्या टिंबर मार्केटमध्ये मिळतो, पण मला दाखवलेल्या फळ्यांत गाठी फार होत्या. पट्टी वाकवली की गाठीपाशी मोडते. सागवान जड, शिवाय तेलकट. ग्लू त्याच्यावर पाहुण्यासारखा बसतो, कधी उठून जाईल सांगता येत नाही. शेवटी आमच्याच गावात, लाकूड चिरायच्या आरामशीनवर, शिवण सापडली. आष्टीकडच्या एका शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं झाड, वादळात पडलेलं, कापून सावलीत चांगलं वाळवलेलं. शिवण वजनाला हलकी, रेषा सरळ आणि वाकडी होण्याची खोड कमी. मी फळी हातात घेतली आणि तिथेच खूश झालो.

पण फळ्या आखूड होत्या, नाव लांब. म्हणून पट्ट्या जोडाव्या लागल्या. सरळ कापून टोकाला टोक चिकटवलं तर वाकवताना तिथेच तुटतं. त्यासाठी दोन्ही टोकं लांब उतरती रंधायची आणि एकावर एक बसवायची. याला तिरपा जोड म्हणतात. मग पट्टीची एक कड गोल करायची, दुसरी खोलगट, म्हणजे शेजारची पट्टी तिच्यात बसते आणि नावेचा बाक घेताना फट पडत नाही.

"खुब्याच्या हाडासारखं," वैशाली म्हणाली.

तिला एका वाक्यात कळलं. मी हीच गोष्ट वर्गात फळ्यावर चित्र काढून आठवडाभर शिकवायचो.

मे महिना होता. वर्कशॉपला वर टिनपत्रे. इरफानचा घाम पट्ट्यांवर ठिबकताना वैशालीने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऑटोत घालून तिच्या घरचा मोठा कूलर पाठवून दिला. "माह्या घरी दोन हाय, सर. राहू द्या." आम्ही तो डाव्या बाजूच्या खिडकीत लावला. नावेच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांची थप्पीही हाताशी असावी म्हणून तिथेच ठेवली; उजव्या बाजूच्या पट्ट्या पलीकडच्या भिंतीशी होत्या. दोघांनी वैशालीला भरभरून आशीर्वाद दिले आणि नाव झपाट्याने वर चढली. मग मोहल्ल्यातला ट्रान्सफॉर्मर जळला. कूलर बंद पडला, आणि लाइट यायच्या आत फटी आल्या.

मी चाकूचं टोक घालून एकेक फट तपासली. ग्लू पक्का होता. फाटलं होतं ते त्याच्या शेजारचं लाकूड. मग नावेभोवती चक्कर मारली. सगळ्या फटी डाव्या बाजूला. उजवीकडे एकही नाही.

"इरफान, लाकूड तेच, ग्लू तोच, हात तुझेच. मग डाव्या बाजूनंच काय घोडं मारलं?"

इरफानने खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी मॉइश्चर मीटर आणला. लाकडात ओल किती आहे हे त्याच्यावर दिसतं. कूलरपुढच्या थप्पीतल्या पट्ट्यांचं रीडिंग उजवीकडच्या पट्ट्यांच्या जवळपास दुप्पट आलं.

कूलरची हवा गार असते कारण ती ओली असते. पट्ट्या ती ओल पिऊन फुगल्या. फुगलेल्या पट्ट्या आम्ही जोडल्या. कूलर बंद झाला, बाहेरची झळ आत आली, पट्ट्या आकसल्या. ग्लूने धरून ठेवलं, लाकूड फाटलं. मुंबईच्या दमट हवेत कूलर लावतो कोण; तिथल्या सुताराला ही चूक करायची म्हटली तरी जमली नसती.

"पुट्टी भरू, सर," इरफान म्हणाला. "वरून फायबरचं कापड चढलं का कोणाले दिसते?"

"म्हातारा एकटा जाणार हाय खोल पाण्यात. त्याले दिसून राह्यलं काय, नाई काय, याले अर्थ नाई. आणि पुट्टीचं वजन वेगळं."

इरफान करवत घेऊन आला.

वैशालीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "म्हणजे माह्या कूलरनंच केलं?"

"कूलरनं काई नाई केलं. त्याच्यापुढं पट्ट्या ठेवल्या आम्ही. घेऊन जा घरी, आणि मनाले लावून घेऊ नका."

डावी बाजू उतरवली. उरलेल्या फळ्यांतून नव्या पट्ट्या काढल्या आणि उजवीकडच्यांइतक्या वाळू दिल्या. काम पहाटे सुरू करायचं, ऊन तापलं की बंद. इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनाला तर पहाटच लागते, दुपारी तो डब्यातच दगड होतो. शेवटी आतून-बाहेरून फायबरचं कापड इपॉक्सीने चढवलं. आता लाकडाला ओल प्यायची सोयच राहिली नाही. मी परत पोटात डोकं घातलं. आत छान अंधार होता.

किसनाजी एवढ्या दिवसांत एकदाही आले नव्हते. नाव तयार झाल्यावर लेकीने आणलं म्हणून आले. त्यांनी बोटाने नाव वाजवली.

"पापड हाय," म्हणाले आणि निघून गेले.

मासेमारी सुरू झाली त्या सकाळी आम्ही सगळे धरणावर गेलो. किसनाजींनी नाव काठावर दोनदा हलवून बघितली, मग उचलून खांद्यावर घेतली आणि कुणाकडे न बघता पाण्याकडे चालू लागले. वैशालीने माझा हात घट्ट धरला. मलाही तेव्हा भरून आलं, लपवत नाही.

एकट्या माणसासाठी म्हणून मी बैठक मधोमध केली होती. ते तिच्यावर बसलेच नाहीत. जन्मभराच्या सवयीने मागच्या टोकाला बसले. साहजिकच पुढचं टोक वर उठलं आणि वाऱ्याने फिरू लागलं. तरी ते बरेच आत गेले, एक वळसा घेतला आणि परत आले.

"कशी हाय, बाबा?" वैशालीने विचारलं.

"चांगली हाय. पण समोरून हलकी हाय. तिथं वजन पाह्यजे."

ते काठावर शोधत फिरले, एक चांगला मोठा गोटा निवडला, दोन्ही हातांनी आणला आणि पुढच्या टोकात जपून ठेवला. "इथं मोठा भाऊ बसे," एवढंच म्हणाले.

इरफान माझ्या कानाशी लागला. "सर, वजन कमी करता करता आपण पूर्ण उन्हाळा पिघललो."

मधोमध बसा, म्हणजे गोट्याची गरज नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. पण नाव हलकी करणं सुताराचं काम. तिच्यातून कोणाला सोबत न्यायचं, ते नाववाल्याने ठरवावं. मी तोंड मिटलं आणि नाव पाण्यात लोटायला हात लावला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू द्या, सर. एकट्याले जमते."