डब्यात न सापडलेलं विष

ती घटना आठवली की आजही त्या बाईचा आवाज आधी कानात येतो, चेहरा नंतर.

मी तेव्हा भोर-वेल्हे भागात पोलीस अधिकारी होतो. यात्रांचे दिवस होते, सगळा बंदोबस्त त्यातच अडकलेला. सकाळी हजेरी चालू असताना कामथडीच्या पोलीस पाटलांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"साहेब, एका घरात सुनेला कोंडून घातलीया. नवऱ्याला इष देते म्हणत्यात. गावची पोरं लई तापल्याती. लवकर या."

हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन मी निघालो. घरापुढे माणसं जमली होती. खोलीची कडी दिराने काढली. आत तिशीतली बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. आम्हाला पाहून तिला धीर यायला हवा होता, पण वर्दी दिसताच ती आणखी आकसली.

तिच्या नवऱ्याचा नसरापुरात फ्लेक्स छापण्याचा गाळा होता. महिन्याभरापासून त्याची प्रकृती बिघडत होती. दुपार झाली की डोकं गच्च व्हायचं, बोलताना जीभ अडखळायची, हात थरथरायचे. एकदा तर गाडीवरून उतरताना तो कोसळला. सासूबाईंनी याचा हिशेब आपल्या परीने लावला होता.

"सुट्टीच्या दिशी घरी आमच्याबरूबर जेवतो, तवा ठणठणीत," त्या मला म्हणाल्या. "दुकानात हिचा डबा खाल्ला की पडतो. मंग इष कुठं हाय, तुमीच सांगा."

बोलण्यात खोट काढता येत नव्हती. शिवाय माळ्यावर फवारणीच्या औषधाची बाटली सापडली, अर्धी रिकामी. मी ती पंचांसमक्ष जप्त केली. पुरावा म्हणून तर केलीच, पण त्या घरात ती ठेवायची मला भीती वाटली. आरोप झालेली बाई आणि औषधाची बाटली एका छपराखाली असली की काय होतं, ते मी सेवेत पाहिलं होतं. त्या दिवशीच्या डब्याचा नमुना तपासणीला पाठवला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवऱ्याचं रक्त घेतलं. औषधाच्या विषबाधेची नेहमीची लक्षणं दिसत नाहीत, पण अहवाल येईपर्यंत छातीठोक सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

बाईचा जबाब तिच्या घरीच घेतला, महिला शिपाई शेजारी बसलेली. सुरुवातीला ती ठाम होती. "म्या न्हाई केलं." मग प्रश्न वाढले तशी ती ढासळत गेली. बाटलीला कधी हात लावला होता? आठवत नाही. डबा भरताना खोलीत कोण होतं? आठवत नाही. आधी म्हणाली कुणी नव्हतं, मग म्हणाली सासूबाई होत्या. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ गुन्हेगार असेच घसरतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिने मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, झोपेत केलं आसंल का म्या? मानसाला कळत न्हाई आसं हुतं का?"

तिचं मन तिच्याच विरुद्ध साक्ष द्यायला निघालं होतं. मी जबाब तिथेच थांबवला. भोंगवलीहून तिच्या भावाला बोलावलं, तिला माहेरी पाठवलं आणि तिला एकटं सोडायचं नाही, अशी सक्त ताकीद त्याला दिली.

नवऱ्याला दवाखान्यात राहा म्हटलं, तर तो ऐकेना. यात्रेच्या फ्लेक्सचं काम तुंबलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आता डबा मी करीन आणि समोर बसून खाऊ घालीन. दुसऱ्या दिवशी त्या लेकाबरोबर गाळ्यात जाऊन बसल्या.

दुपारी ठाण्यात फोन आला. मायलेक दोघेही गाळ्यात बेशुद्ध पडले होते. शेजारच्या टायरवाल्याने काचेतून पाहिलं आणि ओढून बाहेर काढलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोघांना दवाखान्यात हलवलं होतं. रस्त्यावर गर्दी, आणि दीर ओरडत होता, "तिनं जाताना मसाल्यात कालवून ठेवलंय! चला भोंगवलीला!" दोन-चार गाड्या सुरूही झाल्या. मी त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि दिराला विचारलं, "सकाळी त्याच मसाल्याचं तुम्ही खाल्लं ना? तुम्हाला काय झालं?" तो मागे सरला, पण गर्दी काही हलेना.

पंचनाम्यासाठी मी, हवालदार आणि टायरवाला आत गेलो. माणसं आत घुसायला लागली म्हणून हवालदाराने शटर ओढलं आणि काचेचा दरवाजा लावला. एसी चालू होता. छपाईचं यंत्र गरम होतं आणि त्यावर अर्धा फ्लेक्स लोंबत होता. शाई पातळ करायच्या आणि यंत्र धुवायच्या रसायनाचा कॅन कुणाचा तरी पाय लागून लवंडला होता. उग्र, गोडसर वास होता. पण छापखान्यात वास असायचाच, म्हणून आम्ही कामाला लागलो.

डबा टेबलावर होता. टायरवाल्यासमोर उघडला. भाकरी, भाजी, चटणी, सगळं जसंच्या तसं. कुणी घासभरही खाल्लेलं नव्हतं.

ते मी लिहायला घेतलं आणि अक्षरं ओळ सोडून खाली घसरायला लागली. डोळे चुरचुरले. हवालदार एकाएकी हसायला लागला, कशाला ते त्यालाही सांगता येईना. टायरवाला भिंत धरून खाली बसला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, दरवाजा. तो हाताच्या अंतरावर होता, तरी मूठ काही सापडेना. बाहेर माणसांचा गोंगाट होता, पण तो लांबच्या गावातून यावा तसा ऐकू येत होता. आपण इथेच पडणार, अशी भीती वाटली. तशी भीती मला शस्त्र घेतलेल्या माणसासमोरही कधी वाटली नव्हती. शेवटी पायाने काच फोडली आणि शटरवर हात आपटत राहिलो. बाहेरच्यांनी ते वर ढकललं.

रस्त्याच्या कडेला ओकाऱ्या काढताना मला सगळं उलगडलं. रस्त्याची धूळ फ्लेक्सवर बसू नये म्हणून हा माणूस दिवसभर दारं लावून बसत होता. आत वाऱ्याला वाट नव्हती. खिडकी होती, तिला पत्रा ठोकलेला. एसी रसायनाच्या वाफेने भरलेली तीच हवा फिरवत राहायचा आणि तो तीच श्वासात घ्यायचा. त्या दिवशी तर कॅनच सांडला होता, म्हणून ती सगळ्यांनाच भोवली. डबाही तिथेच खायचा. सुट्टीच्या दिवशी तो बरा असायचा, कारण त्या दिवशी तो गाळ्यात नसायचा.

डॉक्टरांनी दुजोरा दिला. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही आला. अन्नात विष नव्हतं. मायलेक वाचले. सासूबाई चार दिवसांत उठून बसल्या, लेकाच्या हाताचा कंप मात्र बरेच महिने गेला नाही. खिडकीचा पत्रा निघाला, हवा बाहेर फेकणारा पंखा बसला, काम करताना शटर वर राहू लागलं.

बाईला सांगायला मी स्वतः भोंगवलीला गेलो. तिने सगळं ऐकलं. आनंद नाही, रडणं नाही.

"म्हंजे म्या न्हाई?"

"नाही, ताई. तुम्ही नाही. कुणीच नाही."

मग ती म्हणाली, "आनखी एकदा इचारलं आसतं तुमी, तर म्या व्हय म्हनले आसते. इचारायचं तरी थांबलं आसतं."

सासूबाई तिला न्यायला गेल्या, तेव्हा ती लगेच गेली नाही. यात्रा उलटल्यावर गेली, स्वतःच्या मर्जीने. तोवर नवरा दर आठवड्याला भोंगवलीला जाऊन ओट्यावर बसायचा.

पुढच्या नोकरीत माझ्यासमोर अनेकांनी कबुल्या दिल्या. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. ती का टिकू नये, हे मला त्या बाईने शिकवलं. घाबरलेलं माणूस आणि गुन्हेगार यांचे हात सारखेच कापतात. म्हणून कुणी "व्हय साहेब, म्याच केलं" म्हटलं, की मी त्याला पाणी द्यायला सांगायचो, कागद बाजूला ठेवायचो आणि उठून पुन्हा एकदा घटनास्थळी जायचो.